रिंगणाबाहेरचा दगड

निघायच्या आदल्या रात्री बाबांनी एकच काम सांगितलं. "रोझाच्या थडग्यावर माझ्या नावाने एक लाल फूल ठेव." बाबा आता ब्याऐंशीचे. परळला एका युनियनच्या कचेरीत त्यांनी तीस वर्षं हिशेब लिहिले. आमच्या शाळेच्या वह्यांना रशियन मासिकांच्या गुळगुळीत पानांची कव्हरं असायची, आणि ट्रॅक्टरवर बसलेल्या हसऱ्या बायकांखाली मी माझं नाव आणि तुकडी लिहायचो. रोझा म्हणजे रोझा लक्झेंबर्ग, जर्मन क्रांतिकारक. आमच्या घरात तिला आडनाव लागत नाही, जसं जनाबाईला लागत नाही.

दिवस पहिला, बुधवार

बर्लिनला जानेवारीत जाऊ नये असं सगळ्यांनी सांगितलं होतं आणि सगळ्यांचं बरोबर होतं. उणे चार. भाचा विमानतळावर जादा जॅकेट हातात घेऊनच उभा. तो इथे सहा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे, ओस्टक्रॉइत्स स्टेशनाजवळ राहतो, आणि त्याच्या मते मी सुट्टी फुकट घालवतोय. "मामा, लोक इथे म्युझियमं बघायला येतात. तू तुरुंगांची यादी घेऊन आलायस."

यादी होती खरी. मला पूर्व जर्मनीतली एक अवघड जमात समजून घ्यायची होती. भिंत ओलांडून पळालेल्यांच्या गोष्टी सगळ्यांना ठाऊक आहेत. ही माणसं पळालेली नव्हती. पक्के कम्युनिस्ट, कुणी नाझींच्या कोठडीत राहून आलेला, कुणी स्पेनच्या यादवीत बंदूक चालवलेला. त्यांचं मागणं एवढंच की आपल्या राज्यात आपल्या माणसाला तोंड उघडता यावं. शत्रूच्या शिव्यांपेक्षा हे मागणं राज्याला जास्त झोंबलं.

दुपारी शोसेस्ट्रासवर गेलो. १३१ नंबरचं घर कोपऱ्यावर आहे. इथे वोल्फ बीरमान राहायचा. त्याचे वडील हॅम्बुर्गच्या गोदीतले ज्यू कामगार आणि कम्युनिस्ट, आउशवित्झमध्ये मारले गेले. १९५३ मध्ये, सोळाव्या वर्षी, पोरगा पश्चिमेकडून पूर्वेकडे आला. लोक उलट्या दिशेने पळत असताना हा आपणहून आला. गिटार घेऊन गाऊ लागला आणि गाण्यांतून स्वतःच्याच पक्षातल्या म्हाताऱ्यांना टोचू लागला. १९६५ च्या डिसेंबरात गाण्यावर बंदी आली. मग त्याने याच घरात माइक लावून गाणी रेकॉर्ड केली. तबकडी पश्चिमेत निघाली, नाव ठेवलं घराचा पत्ता. खिडक्या बंद करून रस्त्याचा आवाज काही थांबेना, म्हणून तो गाण्यांत तसाच राहिला. मी खाली उभा होतो तेव्हा ट्राम वळणावर कर्रकन ओरडून गेली. भाच्याच्या फोनवर तेच गाणं चालू होतं, त्यामुळे क्षणभर ट्राम बाहेरची की आतली तेच कळेना.

१९७६ च्या नोव्हेंबरात त्याला पश्चिमेत, कोलोनला, कार्यक्रमासाठी जाऊ दिलं. १३ तारखेला तो गायला, १६ तारखेला सरकारने त्याचं नागरिकत्व काढून घेतलं. घरी यायचा रस्ताच बंद. दुसऱ्या दिवशी बारा लेखकांनी फेरविचार करा म्हणून पत्र काढलं. क्रिस्टा वोल्फ, श्टेफान हाइम, हाइनर म्युलर, युरेक बेकर. पुढे शंभराहून जास्त सह्या झाल्या. पत्राची भाषा बघितली तर अगदी मवाळ, आपल्याकडे सोसायटीच्या सेक्रेटरीला याहून कडक लिहितात. तरीही त्या सह्यांचा हिशेब पुढची कित्येक वर्षं चुकता केला गेला.

तीन दारं पलीकडे १२५ नंबर, नाटककार ब्रेख्टचं शेवटचं घर. मागच्या खिडकीतून डोरोथेनश्टाट दफनभूमी दिसते. १७ जून १९५३ ला कामगार रस्त्यावर आले, सोव्हिएत रणगाडे आले, तेव्हा ब्रेख्टने पक्षाचा प्रमुख उल्ब्रिख्ट याला पत्र लिहिलं. पक्षाच्या दैनिकाने त्यातलं शेवटचं निष्ठेचं वाक्य तेवढं छापलं. त्याआधीचं, जनतेशी चर्चा करा वगैरे, गाळलं. मला मात्र यात ब्रेख्टही सुटत नाही. शेवटचं वाक्य त्यानेच लिहिलं होतं.

दफनभूमीत हेगेल आणि फिख्टे हे तत्त्वज्ञ शेजारी शेजारी आहेत, तिसरा तत्त्वज्ञ हर्बर्ट मार्कूझ, त्याच्या दगडावर 'पुढे चालू ठेवा' अशा अर्थाचा एकच शब्द आहे. रुडॉल्फ बारो इथेच आहे, त्याच्याबद्दल पुढे. पण मी जास्त वेळ थांबलो लेखिका आना झेगर्सपाशी. त्याचं कारण शुक्रवारी येईल. साडेचारला अंधार पडला आणि बोटं बधिर झाली.

दिवस दुसरा, गुरुवार

लिश्टेनबर्गला श्टाझीचं, म्हणजे पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांचं, मुख्यालय होतं, आता तिथे संग्रहालय आहे. या खात्याचा मंत्री एरिश मीलके याचं दालन जसंच्या तसं ठेवलंय. दालनापेक्षा लक्षात राहिला एक कागद. साहेबांच्या नाश्त्याचा नकाशा. ताटली कुठे, सुरी कुठे, अंडं कुठे, सगळं आखून दिलेलं. १९८९ मध्ये या खात्यात एक्याण्णव हजार पगारी माणसं होती आणि खबरे वेगळे. जपलेल्या फायली ओळीने उभ्या केल्या तर १११ किलोमीटर भरतात. मुंबईहून निघालं तर लोणावळा मागे टाकेल एवढी रांग. भाचा म्हणाला, "इतका डेटा, आणि स्वतःचं सरकार पडणार हे कळलं नाही?" बाकी दिवस पावसात गेला. मी माझे हातमोजे भुयारी रेल्वेत विसरलो, त्यातच अर्धी दुपार.

दिवस तिसरा, शुक्रवार

बाउत्सेन दूर आहे. कॉटबुसला गाडी बदला, ग्योर्लित्सला बदला, मिळून चारेक तास. डब्यात भाच्याने दिलेले थेपले. कॉटबुसपासून स्टेशनांच्या पाट्या दोन भाषांत सुरू होतात, कारण इकडे सोर्ब नावाचे स्लाव्ह लोक राहतात. बाउत्सेनला ते बुडिशिन म्हणतात. गाव फार देखणं, बुरूजच बुरूज, आणि मोहरीच्या चटणीसाठी प्रसिद्ध. जर्मनांना मात्र नाव ऐकल्यावर आधी तुरुंग आठवतो.

तुरुंग दोन आहेत. मोठा अजून चालू आहे. दुसरा, बाउत्सेन-दोन, कोर्टाच्या आवारात, बाहेरून एखाद्या जुन्या सरकारी वसतिगृहासारखा. इथे श्टाझी आपले खास कैदी ठेवायची. दोनशेच जागा. आता स्मारक आहे, तिकीट नाही. आत लोखंडी जिने, दोन्ही बाजूंनी दारं, प्रत्येक दाराला वर डोळ्याएवढं भोक आणि मध्ये जेवणाची फळी. मी एका दाराची कडी सरकवून बघितली. आवाज एवढा मोठा झाला की खालच्या मजल्यावरचं एक कुटुंब मान वर करून बघू लागलं. दिवसातून कितीदा हा आवाज ऐकायचा, आणि प्रत्येक वेळी तो आपल्या दाराचा की शेजारच्या हे कान टवकारून ओळखायचं.

वाल्टर यांका इथे होता. त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. अक्षरं जुळवणारा, छापखान्यातला कामगार, तरुण कम्युनिस्ट. १९३३ मध्ये नाझींनी पकडला आणि ज्या गावांत कोंडला त्यातलं एक बाउत्सेनच. सुटून स्पेनमध्ये लढला, मग मेक्सिकोत निर्वासित. तिथे त्याने जर्मन पुस्तकांचं प्रकाशन चालवलं आणि आना झेगर्सची कादंबरी छापली. युद्धानंतर पूर्व बर्लिनला परत येऊन आउफबाउ या मोठ्या प्रकाशनगृहाचा प्रमुख झाला. १९५६ मध्ये हंगेरीत उठाव झाला, तिथे तत्त्वज्ञ गेओर्ग लुकाच अडकलाय अशी काळजी पसरली. मंत्री असलेला कवी बेखर आणि आना झेगर्स या दोघांनीच यांकाला म्हटलं की तू बुडापेस्टला जाऊन लुकाचला घेऊन ये. उल्ब्रिख्टने ते होऊ दिलं नाही. डिसेंबरात यांकाला अटक झाली. आरोप प्रतिक्रांतीच्या कटाचा, आणि लुकाचला आणायचा बेत हाच पुरावा.

जुलै १९५७ मध्ये खटला चालला. सभागृहात साहित्यातली बडी मंडळी मुद्दाम बोलावून बसवली होती. आना झेगर्स होती, ब्रेख्टची बायको हेलेन वायगेल होती. सरकारी वकील यांकाला लुकाचवरून झोडपत होता, आणि ती मोहीम कुणी सुचवली हे ठाऊक असलेली बाई पुढ्यात बसली होती. ती बोलली नाही. कुणीच बोललं नाही. खासगीत तिने उल्ब्रिख्टकडे रदबदली केली होती, असं नंतर पुढे आलं. पाच वर्षांची शिक्षा झाली. नाझींनी ज्या गावात ठेवला होता त्याच गावात यांका पुन्हा कैदी म्हणून आला, आणि या वेळी किल्ल्या आपल्याच लोकांच्या हातात होत्या.

त्याच प्रकरणातला दुसरा, वोल्फगांग हारिख, तत्त्वज्ञानाचा तरुण प्राध्यापक. 'समाजवादाचा जर्मन मार्ग' असा त्याने आराखडा लिहिला होता. भाबडेपणा एवढा की त्या दिवसांत तो सोव्हिएत राजदूताशी त्याच मुद्द्यांवर वाद घालून आला, नंतर उल्ब्रिख्टलाही भेटला. दहा वर्षांची शिक्षा. कोर्टात त्याने आपल्याला वेळेवर पकडल्याबद्दल श्टाझीचे आभार मानले आणि यांकाविरुद्ध साक्ष दिली. यांकाने त्याला पुढे कधी माफ केलं नाही. मला हारिखचा राग येत होता, पण ती कडी दुसऱ्यांदा सरकवल्यावर कमी झाला.

आणि बारो. रबर उद्योगातला अधिकारी, कारखान्यात काम कसं चालतं याचा अभ्यास करणारा. रात्री घरी बसून त्याने मार्क्सच्याच हत्यारांनी या व्यवस्थेची चिरफाड लिहिली: इथे मालक गेले, पण वरून खाली हुकूम जायची शिडी तशीच राहिली, आणि ती शिडीच आता वर्ग झाली. १९७७ च्या ऑगस्टमध्ये पश्चिमेच्या साप्ताहिकात त्यातला भाग छापून आला, लगेच अटक. १९७८ मध्ये आठ वर्षांची शिक्षा, कारण म्हणून हेरगिरीसारखं काहीतरी लावलं. पुस्तकासाठी आठ वर्षं असं कुठलं कोर्ट लिहील? राज्याच्या तिसाव्या वाढदिवसाच्या माफीत तो १९७९ मध्ये सुटला आणि पश्चिमेत गेला. तिथे ग्रीन पक्षाच्या उभारणीत होता, तिथेही भांडून बाहेर पडला. अशा माणसांना कुठलाच पक्ष फार दिवस सोसत नाही.

परतीच्या गाडीत बाबांना फोन लावला. यांकाची सगळी गोष्ट सांगितली. सभागृहाचा भाग आला तेव्हा बाबा म्हणाले, "थांब." मला वाटलं रेंज गेली.

मग त्यांनी सांगितलं ते मी पन्नास वर्षांत ऐकलेलं नव्हतं. आणीबाणीत त्यांच्या कचेरीतला एक सहकारी बैठकीत उठून बोलला होता, की माणसं आत टाकतायत आणि आपण गप्प कसे. पुढच्या आठवड्यात त्यालाच काढायचा ठराव आला. "तो माझ्या डब्यातलं जेवायचा," बाबा म्हणाले. "मी हात वर केला. कोपरातून नाही, पूर्ण वर. कुणी बघत असेल म्हणून."

मी काही बोललो नाही. खिडकीबाहेर काळोख होता. थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, "थंडी फार आहे का रे तिथे?"

दिवस चौथा, शनिवार

भाच्याला सुट्टी, म्हणून तोही आला. ग्रुनहाइडे बर्लिनच्या पूर्वेला, पाइनचं जंगल आणि तळी. उतरायचं स्टेशन फांगश्लोयझे. गाडी गच्च होती आणि जवळजवळ सगळे तिथेच उतरले, गळ्यात ओळखपत्रं अडकवलेले. इथेच टेस्लाचा प्रचंड कारखाना आहे. भाचा खुलला. मी त्याला ओढत उलट दिशेला नेलं.

बुर्गवालस्ट्रासवर तळ्याकाठी रोबर्ट हावेमानचं घर. खासगी आहे, त्यामुळे रस्त्यावरूनच बघितलं. उतरतं छप्पर, झाडं, मागे गोठलेलं पाणी. बघण्यासारखं काही नाही असं भाचा म्हणाला, आणि डोळ्यांनी बघायचं तर नाहीच.

हावेमान रसायनशास्त्रज्ञ. १९४३ मध्ये नाझी न्यायालयाने त्याला फाशी सुनावली. त्याच्या गटाने ज्यूंना लपवलं होतं. सैन्याच्या कामाचं संशोधन करतोय या सबबीवर मित्रांनी फाशी पुन्हा पुन्हा पुढे ढकलवून घेतली, आणि ब्रांडेनबुर्गच्या तुरुंगात त्याला प्रयोगशाळा मिळाली. तिथे त्याने चोरून रेडिओ जुळवला आणि कैद्यांना युद्धाच्या बातम्या पुरवल्या. त्याच तुरुंगात एरिश होनेकरही होता. पुढे राज्याचा प्रमुख झालेला तोच.

युद्धानंतर हा पश्चिम बर्लिनमधल्या संस्थेत. १९५० मध्ये हायड्रोजन बॉम्बविरुद्ध पूर्वेच्या पेपरात लिहिलं म्हणून पश्चिमेने काढलं. पूर्वेने प्राध्यापक केलं, खासदार केलं. आणि इथे एक कडू घास गिळायला लागतो: १९५६ पासून काही वर्षं तो स्वतः श्टाझीला माहिती पुरवत होता. 'लाइट्स' असं टोपणनाव फायलीत आहे. भाच्याला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "मग कसला रे हा हिरो?" मी म्हटलं, हिरो कुणी म्हटलं?

१९६३-६४ च्या हिवाळ्यात हुम्बोल्ट विद्यापीठात त्याने व्याख्यानं दिली. विषय विज्ञान आणि तत्त्वज्ञान, म्हणणं असं की मार्क्सवाद पोथी झालाय. सभागृहात उभं राहायला जागा नसायची. मार्चमध्ये पक्षातून काढलं, नोकरी गेली, १९६६ मध्ये अकादमीतून नाव कमी केलं. बीरमान त्याचा जिवलग मित्र. १९७६ च्या त्या नोव्हेंबरात तरुण लेखक युर्गेन फुक्स याला हावेमानच्या गाडीतूनच उतरवून पकडलं, आणि आठवड्याभरात हावेमान इथे, या घरात नजरकैदेत. १९७९ पर्यंत. रस्ता अडवलेला, येणाऱ्याजाणाऱ्यावर पाळत. पश्चिमेत निघून जा म्हणून त्याच्यामागे किती लकडा लावला, पण गडी हलला नाही. देश आमचा आहे, मी का जाऊ, हा हट्ट. आमच्या चाळीत भाऊबंदकीत एक काका असेच खोली धरून बसले होते, पाणी तोडलं तरी.

१९८२ च्या एप्रिलमध्ये तो फुप्फुसाच्या आजाराने गेला. त्याआधी काही दिवस बीरमानला भेटीपुरतं येऊ दिलं, होनेकरच्या परवानगीने. जुन्या तुरुंगातल्या ओळखीला एवढी एक जाग आली म्हणायची. आणि सात वर्षांनी, १९८९ च्या सप्टेंबरात, याच घरात त्याची बायको काट्या, बेर्बेल बोली वगैरे तीसेक माणसं जमली आणि त्यांनी 'नवं व्यासपीठ' नावाची संघटना काढली. दोन महिन्यांत भिंत उघडली. त्यांना देश विकायचा नव्हता, दुरुस्त करायचा होता. पुढच्या मार्चमधल्या निवडणुकीत त्यांची आघाडी तीन टक्क्यांच्या आतच राहिली. लोकांना दुरुस्ती नको होती, पश्चिमेचा मार्क हवा होता. त्यांना नावं ठेवायला माझी जीभ उचलत नाही.

येताना भाच्याने कारखान्याचा फोटो काढलाच.

दिवस पाचवा, रविवार

जानेवारीतला दुसरा रविवार म्हणजे फ्रीडरिक्सफेल्डेच्या दफनभूमीत वारीच. १५ जानेवारी १९१९ ला रोझा आणि तिचा साथीदार कार्ल लीबक्नेख्ट यांना मारलं, त्या आठवणीने. स्टेशनाबाहेर लाल कार्नेशन विकणारे, चहावाले, वीस पंथांची वीस पत्रकं. एका टेबलावर स्टॅलिनचं पोस्टर होतं, आणि त्यामागचा पोरगा माझ्या भाच्याहून लहान.

मी दोन फुलं घेतली.

आत गोल भिंत, मध्ये उंच दगड, भोवती दहा स्मृतिशिला. एक रोझाची. त्याच रिंगणात उल्ब्रिख्टही आहे. १९१८ मध्ये तुरुंगात रशियन क्रांतीवर लिहिताना रोझाने समासात लिहून ठेवलं होतं, की स्वातंत्र्य म्हणजे नेहमी वेगळा विचार करणाऱ्याचं स्वातंत्र्य. पूर्व जर्मनीच्या सरकारने ते तिच्या समग्र ग्रंथांत १९७४ मध्ये छापलंही होतं. मग १७ जानेवारी १९८८ च्या सरकारी मिरवणुकीत काही तरुण हेच वाक्य फलकावर लिहून सामील व्हायला निघाले, तेव्हा शंभरावर लोकांना पकडलं. पुस्तकात चालतं, काठीला लावलं की गुन्हा.

बाबांचं फूल रोझाच्या शिलेवर ठेवलं. ढीग एवढा होता की शिलेवरची अक्षरं झाकली गेली होती.

रिंगणाबाहेर, वाटेच्या कडेला, एक छोटा दगड आहे. २००६ मध्ये बसवला. 'स्टॅलिनवादाच्या बळींना' एवढंच त्यावर. त्यावरून अजून भांडणं होतात. मी दहा मिनिटं बाजूला उभा राहून बघत होतो. पुष्कळ जण सरळ निघून जात. काही थांबत. एक आजी रोझाकडून आल्या, पिशवीतून वेगळं काढून ठेवलेलं पांढरं फूल इथे ठेवलं आणि इकडेतिकडे न बघता गेल्या. मी दुसरं फूल ठेवायला वाकलो तर मागून एक टोपीवाला म्हातारा काहीतरी जोरात म्हणाला. भाच्याला विचारलं, काय म्हणतो? "म्हणतो, चुकीच्या ठिकाणी ठेवतोयस. ते फितूर होते."

फोटो काढून बाबांना पाठवला. खाली लिहिलं, 'हे तुमच्या त्या डब्यातल्या मित्रासाठी.' निळ्या खुणा लगेच आल्या, उत्तर नाही. आम्ही फाटकाशी पोहोचलो, गरम वाइन घेतली, भाचा ग्लास परत करायला गेला, तेव्हा फोन वाजला. "वारा आहे का तिकडे?"

आहे म्हटलं.

"मग नुसतं का ठेवलंस? खडा ठेव वर."

परत गेलो. सगळीकडे गवत आणि बर्फ, खडा काही सापडेना. भाच्याने वाटेच्या कडेची गोठलेली खडी बुटाच्या टाचेने उकरून एक काढून दिला.